चौकटीतील काळ आणि पडद्यावरील काळ

साहित्यकृतीच्या माध्यमांतराचा विचार मराठीत प्रायः कादंबरी, आत्मकथन आणि नाटक यांच्या संदर्भात झाला आहे. 'श्यामची आई', 'सिंहासन', 'बनगरवाडी' अशा कृतींची चित्रपटरूपे अभ्यासताना एक पद्धत रूढ झालेली दिसते. मूळ कथानकातील कोणते प्रसंग गाळले, कोणते नव्याने घातले, कोणत्या पात्राला महत्त्व दिले, शेवट तसाच ठेवला की फिरवला, यांच्या नोंदी करावयाच्या आणि त्या नोंदींच्या बेरजेवरून रूपांतर मुळाशी प्रामाणिक आहे की नाही याचा निवाडा द्यावयाचा. प्राथमिक कामासाठी ही पद्धत लागतेच. परंतु ती जेथे तोकडी पडते ते स्थळ कादंबरीच्या उदाहरणात सहसा झाकलेले राहते. शब्द आणि दृश्य यांतील अंतरच इतके मोठे असते की रूपांतरातील कोणतीही उणीव त्या अंतराच्या नावे टाकता येते. चित्रकथेवरून केलेल्या चित्रपटात ही सोय उरत नाही. तेथे मूळ कृतीतही चित्र आहे, संवाद आहे, चौकट आहे, जवळून वा दुरून पाहणारी नजरही आहे. शब्दाचे दृश्य करण्याचा प्रश्न तेथे संपलेला असतो. आणि तरीही काहीतरी हरवते. जे हरवते ते नेमके काय, हा प्रश्न अमेरिकन सुपरहिरोंच्या चित्रकथा आणि चित्रपट शेजारी ठेवले की फार स्वच्छपणे समोर येतो.

विषय पोरकट आहे, अशी शंका विद्यापीठीय वर्तुळात येणे स्वाभाविक आहे. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत आलेल्या वेताळाच्या गोष्टी लपवून वाचलेल्या पिढीलाही त्या वाचनाला 'वाचन' म्हणण्याचे धाडस क्वचितच झाले. ती शंका येथे बाजूला ठेवलेली बरी, कारण ज्या कृतीचा प्रामुख्याने विचार करावयाचा आहे ती कोणत्याही निकषावर प्रौढांची आहे.

ॲलन मूर यांचे लेखन, डेव्ह गिबन्स यांची रेखाटने आणि जॉन हिगिन्स यांचे रंग असलेली 'वॉचमेन' ही चित्रकथा डीसी कॉमिक्सने १९८६-८७ मध्ये बारा अंकांत प्रसिद्ध केली. १९८५ सालची एक कल्पित अमेरिका. मुखवटा घालून गुन्हेगारांशी लढणारे आणि आता बहुतांशी निवृत्त झालेले काही स्त्री-पुरुष. त्यांपैकी 'कॉमेडियन' या टोपणनावाच्या एकाचा खून. आणि रोर्शाक नावाच्या हेकट, विकृतीच्या सीमेवरील इसमाने त्या खुनाचा घेतलेला माग, असे तिचे बाह्य कथानक आहे. खरी अतिमानवी शक्ती या सर्वांत एकट्या डॉ. मॅनहॅटनजवळ आहे. झॅक स्नायडर यांनी दिग्दर्शित केलेला तिच्यावरील चित्रपट २००९ मध्ये प्रदर्शित झाला. मूर यांनी आपले नाव श्रेयनामावलीत येऊ दिले नाही. तेथे केवळ सहनिर्माता व चित्रकार म्हणून गिबन्स यांचा उल्लेख आहे. दिग्दर्शकाचा मुळाविषयीचा आदर मात्र शंकेपलीकडचा आहे. कित्येक ठिकाणी गिबन्स यांची चौकट रचनेसह, प्रकाशासह, पात्राच्या मानेच्या कलासह पडद्यावर उतरविली आहे. मूलनिष्ठा हाच निकष मानला तर इतक्या निष्ठेने केलेली रूपांतरे थोडीच सापडतील.

म्हणूनच या चित्रपटाचे अपयश बोधक आहे.

कॉमेडियनच्या खुनाचा प्रसंग प्रथम पाहावा. चित्रकथेत खून होऊन गेलेला आहे. दोन पोलीस अधिकारी फुटलेल्या खिडकीजवळ उभे राहून तर्क करीत आहेत: दार कोणी फोडले असेल, एवढ्या धिप्पाड माणसाला खाली कसे फेकले असेल. त्यांच्या संभाषणाच्या अधूनमधून लाल रंगात रंगविलेल्या चौकटी येतात. त्यांत प्रत्यक्ष खून घडताना दिसतो. पोलिसांच्या बोलण्यातील एखादा साधा शब्द त्या लाल चौकटीवर पडतो आणि त्याला भलताच, क्रूर अर्थ प्राप्त होतो. चौकशी आणि खून हे दोन काळ एकाच पानावर खांद्याला खांदा लावून बसले आहेत. वाचकाचा डोळा एकातून दुसऱ्यात जातो, परत येतो, पुन्हा जातो. चित्रपटात आधी खुनाची मारामारी सविस्तर, कौशल्याने चित्रित केलेली दिसते आणि पोलीस नंतर येतात. प्रसंग तोच, माणसे तीच, खोलीदेखील जवळजवळ तीच. नोंदवहीच्या पद्धतीने पाहिले तर येथे काहीही गाळलेले नाही. उलट भर घातली आहे. परंतु जे एकमेकांशेजारी होते ते एकामागून एक झाले. पोलिसांच्या तर्कातील उपरोध नाहीसा झाला, कारण खून पाहून झालेल्या प्रेक्षकाला त्या तर्कांची गरजच उरत नाही.

लेसिंगने १७६६ साली 'लाओकून'मध्ये कालाश्रयी आणि अवकाशाश्रयी कलांचा जो भेद मांडला, त्याच्या चौकटीत चित्रकथा नीट बसत नाही. तिच्यात काळ आहे, पण तो पानावर पसरलेल्या अवकाशाच्या रूपाने आहे. चौकटीची रुंदी म्हणजे क्षणाची लांबी. दोन चौकटींमधील कोरी पट्टी म्हणजे न दाखविलेला काळ. ती पट्टी वाचकाचे मन भरून काढते, हे स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये, स्वतः चित्रकथेच्या रूपातच लिहिलेल्या ग्रंथात विस्ताराने दाखविले आहे. चित्रपटालाही संकलन असते, दोन दृश्यांमध्ये तेथेही काळ गळतो. पण तो किती वेगाने गळावा हे ठरविण्याचा अधिकार प्रेक्षकाकडे नसतो. चित्रपटातील काळ वाहतो, चित्रकथेतील काळ मांडलेला असतो.

हा भेद 'वॉचमेन'च्या चौथ्या प्रकरणाचा केवळ आधार नव्हे, विषयच आहे. घड्याळजीचा मुलगा असलेला जॉन ऑस्टरमन १९५९ मधील अपघातानंतर डॉ. मॅनहॅटन झाला आहे. त्याला भूत, वर्तमान आणि भविष्य एकाच वेळी दिसतात. तो मंगळावर एकटा आहे आणि त्याच्या हातात एक जुने छायाचित्र आहे. एका चौकटीत ते छायाचित्र बोटांत आहे, दुसरीत वाळूत पडलेले आहे, पुढे ते पुन्हा बोटांत आहे. तरुणपण, अपघात, प्रेम, युद्ध, मंगळ या सर्वांविषयीचे त्याचे निवेदन वर्तमानकाळात चालते. मराठी व्याकरणाला ऐतिहासिक वर्तमान परिचित आहे. भूतकाळ डोळ्यांसमोर उभा करण्यासाठी निवेदक त्याचा आश्रय घेतो. येथे तो अलंकार नाही. या माणसाला दुसरा काळच नाही. आणि वाचकाची स्थितीही नकळत त्याच्यासारखीच झालेली असते, कारण पान उघडताच नऊच्या नऊ चौकटी त्याच्या नजरेच्या टप्प्यात असतात. पहिली वाचताना शेवटची डोळ्याच्या कोपऱ्यात दिसतच असते. पात्राची जाणीव आणि वाचनाची क्रिया यांची अशी एकरूपता शब्दप्रधान साहित्यातही विरळा.

चित्रपटातील हा भाग चांगला आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. बिली क्रडप यांचा निर्विकार आवाज आणि फिलिप ग्लास यांचे आवर्तने घेत पुढे सरकणारे संगीत यांनी त्याला एक खरी उदासी दिली आहे. ग्लास यांचे संगीत योजण्यामागे आवर्तनातून काळ थांबविण्याचा प्रयत्न आहे आणि तो सुज्ञ आहे. तथापि पडद्यावर १९५९ येते तेव्हा मंगळ गेलेला असतो. प्रेक्षक त्याला अपरिहार्यपणे पूर्वस्मरण म्हणून पाहतो. आठवण काढणारा माणूस करुण असतो; सर्व काळ एकदम पाहणारा माणूस भयंकर असतो. चित्रपटाने दुसऱ्याचा पहिला केला, आणि तोही एक शब्द न बदलता.

पाचव्या प्रकरणाची गोष्ट याहून विलक्षण आहे. त्याची अठ्ठावीस पाने मध्यापासून दोन्हीकडे आरशातील प्रतिबिंबासारखी रचली आहेत. पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानाशी जुळते, दुसऱ्याची उपान्त्य पानाशी. आणि नेमक्या मध्यावरच्या जोडपानावर एड्रियन व्हाइट हे पात्र आपल्यावर चालून आलेल्या मारेकऱ्यावर प्रहार करते. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांची जी मांडणी केली, तिचे उदाहरण एम. ए.च्या वर्गात शोधताना बहुधा कवितेपलीकडे जाणे होत नाही. या प्रकरणात ती तिन्ही तत्त्वे पाने मोजून दाखविता येतात. पानाचा पानाशी संवाद आहे. रोर्शाकच्या अंधाऱ्या, गलिच्छ जगाचा व्हाइटच्या झगमगत्या जगाशी विरोध आहे. आणि मध्यरेषेवर समतोल आहे. हा समतोल निव्वळ कारागिरीचा नाही. रोर्शाक हे नावच शाईच्या समरूप डागांच्या मानसचाचणीवरून आलेले. जगात आकृती आहे की ती पाहणाऱ्याच्या मनात आहे, हा त्याचा प्रश्न. वाचकाला ही रचना पहिल्या वाचनात बहुधा दिसत नाही. ती मागे वळल्यावर दिसते. मागे वळणे हे या प्रकरणाच्या अर्थाचे अंग आहे.

चित्रपटात या प्रकरणातील घटना आहेत. मारेकरी आहे, रोर्शाकवर टाकलेला पोलिसांचा सापळा आहे, त्याची अटकही आहे. आस नाही. ती असती तरी कळली नसती, कारण पुढे धावणाऱ्या चित्रफितीत आरशातील प्रतिबिंबाचा प्रत्यय देण्यासाठी प्रेक्षकाच्या स्मरणशक्तीवर अमानुष भार टाकावा लागला असता.

या पार्श्वभूमीवर चित्रपटाविषयी सर्वाधिक वाद कशावरून झाला हे पाहणे उद्बोधक ठरते. मूळ कथेत व्हाइट एक कृत्रिम राक्षसी प्राणी न्यूयॉर्कमध्ये प्रकट करवून लाखो लोकांचा संहार घडवितो, जेणेकरून परग्रहावरील शत्रूच्या भीतीने अमेरिका व सोव्हिएत रशिया एकत्र यावेत. चित्रपटात त्या प्राण्याऐवजी अनेक शहरांत ऊर्जास्फोट होतात आणि त्यांचा दोष डॉ. मॅनहॅटनवर येतो. चाहत्यांना हा बदल द्रोह वाटला. वस्तुतः कथानकाच्या तर्काला तो धक्का लावीत नाही. काहींच्या मते तो अधिक नेटका आहे, आणि ते मत सहज बाजूला सारण्याजोगे नाही. खरा बदल दुसरीकडे झाला आहे. अकरा प्रकरणे नऊ चौकटींच्या जाळीवर बेतलेली पाने वाचून सरावलेल्या वाचकासमोर बाराव्या प्रकरणाच्या आरंभी सलग सहा पाने येतात आणि प्रत्येक पानावर एकच चित्र असते. प्रेते. गेली अकरा प्रकरणे ज्यांना रस्त्यावर, वृत्तपत्राच्या ठेल्यापाशी, टॅक्सीत पाहिले त्या सामान्य माणसांची प्रेते. जाळी मोडल्यामुळे काळ थांबतो. ती पाने किती वेळ पाहावयाची हे वाचकाने ठरवावयाचे असते, आणि पान लवकर उलटले तर त्याची टोचणीही त्यालाच लागते. चित्रपटात स्फोट आहे, उद्ध्वस्त नगर आहे, तो विशिष्ट थांबा नाही. कथानकाचा शेवट बदलला म्हणून रागावलेल्या चाहत्यांनी या सहा पानांविषयी फारसे विचारले नाही, याचे आश्चर्य वाटावे.

येथे एक आक्षेप संभवतो. चकती वा संगणक हाती आल्यापासून प्रेक्षकालाही चित्रपट थांबविता येतो, मागे नेता येतो. मग वाचकाचा विशेष अधिकार कोणता? आक्षेप वाजवी आहे, पण थांबविलेले चलत्चित्र म्हणजे मध्येच तोडलेले वाक्य असते. अभिनेत्याचा डोळा अर्धवट मिटलेला, हात अस्पष्ट. चित्रकथेची चौकट थांबून पाहण्यासाठीच पूर्ण केलेली असते. स्नायडर यांना याची अंधुक जाण असावी. चित्रपटातील मंदगतीचा सततचा वापर हा चौकट परत मिळविण्याचाच प्रयत्न वाटतो. श्रेयनामावलीच्या आरंभीच्या दृश्यमालिकेत, जेथे बॉब डिलनच्या गाण्यावर जवळजवळ निश्चल प्रसंग एकामागून एक सरकतात, तो सफलही झाला आहे. ही मालिका मूळ चित्रकथेत या रूपात नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

उलट दिशेचा प्रवासही तपासला पाहिजे. चित्रपटावरून चित्रकथा करण्याची प्रथा अमेरिकेत जुनी आहे. टिम बर्टन यांचा 'बॅटमन' १९८९ मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा डीसीनेच त्याची अधिकृत चित्रकथा काढली. लेखन डेनिस ओनील, चित्रे जेरी ऑर्डवे. मौज अशी की बॉब केन आणि बिल फिंगर यांनी १९३९ मध्ये चित्रकथेतच जन्माला घातलेला नायक पडद्यावर जाऊन पुन्हा चित्रकथेत परतला, आणि परतताना दुसऱ्याचा चेहरा घेऊन आला. ऑर्डवे यांचे रेखाटन कसबी आहे; पण त्यांच्या चौकटींत ब्रूस वेन नाही, मायकेल कीटन आहे; जोकरच्या जागी जॅक निकल्सन. चेहरा ओळखीचा निघाला की चित्र पाहण्याचे थांबते आणि आठवण्याचे सुरू होते. आणखी एक गंमत लक्षणीय आहे. चित्रपटात ब्रूसच्या आईवडिलांचा खुनी तरुणपणीचा जोकर ठरतो. चित्रकथांच्या मुख्य परंपरेत त्या खुन्याचे नाव १९४८ पासून जो चिल असे होते. अधिकृत चित्रकथेने अर्थातच चित्रपटाची बाजू घेतली. एकाच प्रकाशकाच्या छत्राखाली एकाच नायकाला दोन वेगळे पितृघातक लाभले, आणि त्याने परंपरेचे काहीही बिघडले नाही. पुराणकथांच्या पाठभेदांशी परिचय असलेल्या वाचकाला यात नवल वाटू नये.

बिघडले ते अन्यत्र. डॅनी एल्फमन यांचे संगीत आणि अँटन फर्स्ट यांनी उभारलेले, माणसाला चिरडून टाकणारे गॉथम शहर ही त्या चित्रपटाची खरी बलस्थाने होती. फर्स्ट यांच्या कलादिग्दर्शनाला ऑस्करही मिळाले. कागदावर संगीत नाही, आणि शहर पात्रांच्या मागचा पडदा झाले. त्यांच्या बदल्यात चित्रकथेने आपल्याजवळचे काही, म्हणजे पानाची रचना, कोरी पट्टी, लांबविलेला क्षण, पुरेशा प्रमाणात पुढे केले नाही. ती चित्रपटाची स्मरणिका झाली. 'वॉचमेन' चित्रपटाने चौकटींची नक्कल केली, 'बॅटमन'च्या चित्रकथेने दृश्यांची; दोन्हीकडे निष्ठा होती, आणि दोन्हीकडे तीच आड आली.

चौकट पडद्यावर नेण्याचा सर्वांत थेट प्रयत्न आंग ली यांनी 'हल्क' (२००३) मध्ये केला. पडदा दोन, तीन, चार भागांत विभागून त्यांनी चित्रकथेचे पान उभे केले. परिणाम गोंधळाचा झाला, कारण पानावर कोणती चौकट कधी पाहावयाची हे वाचक ठरवितो, तर येथे चारही चौकटी एकाच वेळी पळत होत्या. याउलट 'स्पायडर-मॅन : इन्टू द स्पायडर-व्हर्स' (२०१८) या चलत्चित्रपटाने छपाईचे ठिपके, निवेदनाच्या चौकोनी पट्ट्या, लिहिलेले ध्वनिशब्द हे सर्व घेतले, पण ते वरवरचे. त्याचा खरा शोध गतीचा आहे. नवखा माइल्स मोरालेस एक चित्र दोन फ्रेमपर्यंत धरून, म्हणजे सेकंदाला बारा चित्रांनी हलतो. त्याच अरण्यातील प्रसंगात सराईत पीटर पार्कर चोवीस चित्रांनी. मुलाचे अडखळणे प्रेक्षकाच्या डोळ्याला जाणवते, कारण कळण्याआधी जाणवते. चित्रकथेचा काळ येथे उसना आणलेला नाही. चित्रपटाने स्वतःच्या काळाची शिवण उसवून दाखविली आहे. या चित्रपटाला एखादी विशिष्ट चित्रकथा 'मूळ' म्हणून दाखविता येत नाही, हाही योगायोग नसावा.

तेव्हा साहित्य आणि चित्रपट या अभ्यासपत्रिकेसाठी 'मूळ कृती व रूपांतर यांतील साम्यभेद स्पष्ट करा' असा प्रश्न वर्षानुवर्षे काढणाऱ्यांनी हा विषय एकदा वर्गात नेऊन पाहावा. विद्यार्थी राक्षसी प्राण्यापाशी थांबेल. त्याला लाल चौकटींपर्यंत, पाचव्या प्रकरणाच्या मध्यरेषेपर्यंत नेणे हे अध्यापकाचे काम. तेथे पोहोचलेला विद्यार्थी 'बनगरवाडी'कडे परतला तर माडगूळकरांच्या वाक्यातील विराम आणि पालेकरांच्या दृश्यातील विराम वेगळे मोजू शकेल, अशी अपेक्षा बाळगता येते. निदान प्रसंगांची यादी करून तो थांबणार नाही.

या दृष्टीने 'वॉचमेन' चित्रपटाच्या तीन आवृत्त्या तुलनेसाठी उपयोगी आहेत. चित्रपटगृहातील आवृत्ती १६२ मिनिटांची, दिग्दर्शकाची १८६ मिनिटांची आणि सर्वांत विस्तृत २१५ मिनिटांची. तिसरीत मूळ चित्रकथेतील आणखी एक घटक परत आला आहे. वृत्तपत्राच्या ठेल्याशी बसून एक मुलगा समुद्री चाच्यांची चित्रकथा वाचीत असतो; ती कथा मूळ कृतीत रस्त्यावरच्या प्रसंगांत गुंफलेली आहे. चाचेकथेचे निवेदन रस्त्याच्या चित्रावर येते, ठेलेवाल्याच्या बोलण्याचा फुगा समुद्राच्या चित्रावर तरंगतो, आणि कोण कोणाविषयी बोलत आहे हे काही काळ कळेनासे होते. विस्तृत आवृत्तीत ही कथा रेखाटित चलत्चित्राच्या रूपाने तुकड्यातुकड्यांनी घातली आहे. ठेलेवाला बोलतो; मग जहाज दिसते; जहाज जाते आणि ठेलेवाला पुन्हा बोलू लागतो.